माटोळीतली हळद

मिरचीच्या रोपाचं मूळ पांढरं असतं आणि केसांसारखं मोकळं असतं. वांग्याचं थोडं जाड. हे ज्यांना ठाऊक आहे त्यांनी पुढचा थोडा मजकूर सोडला तरी चालेल. बाकीच्यांनी वाचावा. मुळं कळली नाहीत तर माझी भीती कळणार नाही, आणि मी जे सांगणार आहे त्यात भीतीशिवाय फारसं काही नाही.

मी तरवा करते. तरवा म्हणजे लावणीसाठी वाढवलेली रोपं. पार्से गावात आमच्या घरामागे उंच वाफे आहेत. पाऊस ओसरला की त्यात मी मिरची, वांगी, टोमॅटो पेरते. भाताची कापणी झाली की बायका येतात, रोपं नेतात आणि रिकाम्या शेतात वायंगणाची, म्हणजे हिवाळी हंगामाची, भाजी लावतात. माझी सासू हेच करायची. मी चौथीपर्यंत शिकले, मग तिच्या हाताखाली आले. ह्या धंद्यात कष्ट आहेत पण ते कोणालाही जमतील. कठीण आहे ते दुसरंच. सगळ्या वाड्याची भाजी आधी माझ्या मातीत उगवते. माझी माती नासली तर ती रोपांबरोबर घरोघरी जाते.

म्हणून मी रोपं द्यायच्या आधी दर वाफ्यातली थोडी उपटायची, बादलीत मुळं धुवायची आणि उन्हाकडे धरून बघायची. गाठी आहेत का ते. मुळात शिरणारा एक किडा आहे, डोळ्यांना दिसत नाही इतका बारीक. शेतकी खात्याचा माणूस त्याला सूत्रकृमी म्हणाला. आम्ही नुसतं गाठी म्हणतो. तो आत शिरला की मूळ तिथे फुगतं, मण्यांची माळ गिळल्यासारखं दिसतं. झाड मरत नाही, हीच त्याची वाईट बाजू. दुपारी मान टाकतं, संध्याकाळी पुन्हा उभं राहतं. माणूस म्हणतो पाणी कमी पडलं. पाणी वाढवतो, खत वाढवतो. झाड पिवळं पडत जातं, वांगं लिंबाएवढं राहतं. तोवर ती माती पायांना लागून, फावड्याला लागून, पाटाच्या पाण्यातून शेजाऱ्याकडे पोचलेली असते.

अळसांद्याच्या, म्हणजे चवळीच्या, मुळांवरही गाठी असतात. त्या चांगल्या. नखाने उडवल्या की सुटून पडतात. ह्या सुटत नाहीत, कारण ते मूळच सुजलेलं असतं. एवढं शिकलात तरी पुष्कळ.

ह्या गाठींनी माणसांचं काय होतं ते मी तरुणपणी पाहिलं. पलीकडच्या वाड्यावर एका घरी वांग्याचा पूर्ण मळा असा माना टाकू लागला. त्याच वर्षी त्या घरात नवी सून आली होती. त्यांनी घाड्याकडे जाऊन विचारलं. घाडी म्हणजे आमच्याकडचा देवाला कौल लावणारा माणूस. तो काय म्हणाला ते मला ठाऊक नाही, पण घरच्यांनी अर्थ काढला की सुनेचा पायगुण. पोरगी माहेरी गेली ती परत आली नाही. त्या मळ्याच्या बांधावरून जाताना मी एक झाड उपटलं होतं. गाठी बोराएवढ्या होत्या. त्या घरच्या म्हातारीला दाखवल्या. ती म्हणाली, आता दाखवून काय उपयोग. पुढच्या वर्षी पोरगी नव्हती, वांगी तरीही तशीच वाळली. तेव्हापासून मला दोन भीती होत्या. एक गाठींची, आणि एक गाठी दिसल्यावर गाव कोणाकडे बघेल त्याची.

ही दुसरी भीती माझ्या घरात येईल असं मात्र वाटलं नव्हतं.

माझा मुलगा मुरगावला बंदरात कामाला आहे, आठवडाभर तिकडे राहतो. त्याचं लग्न झालं, दीक्षा आली. तिचं माहेर साखळीच्या पुढे. चवथीला, म्हणजे गणपतीला, नव्या सुनेच्या माहेरून वजें येतं. नारळ, केळी, लाडू, करंज्या, आणि माटोळीचं सामान. माटोळी म्हणजे गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगून तिला फळं, कणसं, रानातल्या वेली बांधतात ती. दीक्षाच्या आईने आपल्या परसातली हळद पाठवली होती, पानं, कंद, मुळं, माती सगळ्यासकट. एवढी जोमदार हळद आमच्या वाड्यात कोणी पाहिली नव्हती. आरतीला येणारा प्रत्येक जण मान वर करून तिच्याकडेच बघायचा. दीक्षा समईपाशी उभी असायची, आणि तिचा चेहरा बघून मला बरं वाटायचं.

माटोळीतली वस्तू देवाची. विसर्जनानंतर ती कोणी टाकून देत नाही. फळं वाटतात, कंद मातीत लावतात. दीक्षाने हळदीचे कंद मोडून वजाच्या लाडवांबरोबर वाड्यात वाटले. उरलेले माझ्या वाफ्यांच्या वरच्या टोकाला लावले, कारण तिथली माती भुसभुशीत होती. मी ते पाहिलं. चांगलंच वाटलं. पुढच्या पावसात त्या हळदीला हातभर पानं आली. त्याच पानांत आम्ही दोघींनी पातोळ्या उकडल्या.

त्या पावसाच्या शेवटी माझ्या डोळ्यांचा मोतीबिंदू काढला. डॉक्टरांनी वाकू नका, मातीत हात घालू नका म्हणून सांगितलं. तरवा दीक्षाने केला. बी पेरलं, पाणी घातलं, पेंढ्याचं आच्छादन काढलं, सगळं नीट. पहिली वांग्याची रोपं सत्यवती घेऊन गेली. सत्यवती आमच्याच वाड्यातली, माझ्याहून लहान, तोंडाने तिखट. तिचं शेत सगळ्यांच्या वर आहे. व्हाळाला, म्हणजे ओढ्याला, बांध घालून पाट काढतात तो आधी तिच्या शेतात शिरतो आणि तिथून खालच्या सगळ्या बायकांच्या वाफ्यांत.

डॉक्टरांनी वाकायला मोकळीक दिली त्या सकाळी मी वाफ्यांकडे गेले. नव्या डोळ्यांनी सगळं फार स्वच्छ दिसत होतं. सवयीने वरच्या टोकाची वांग्याची रोपं उपटली, बादलीत धुतली, उन्हाकडे धरली.

माळ होती. बारीक, पण होती.

मी दुसरी उपटली. तिसरी. मिरचीची उपटली. खालच्या टोकाला कमी, वरच्या टोकाला जास्त. मग मी हळदीचं ठोंब खोदलं. पानं हिरवी होती, पण मुळं जागोजागी सुजलेली आणि कंदावर काळपट डाग. मी त्या बादलीशेजारी बसून राहिले.

दीक्षा मागच्या दारातून आली. माझ्या हातातलं मूळ तिने पाहिलं आणि विचारलं हे काय. मी सांगितलं. मुळं बघणं हे शिकवायचं काम आहे असं माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं, म्हणून तिला काहीच ठाऊक नव्हतं. पण हळदीचं ठोंब माझ्यासमोर पडलेलं होतं, त्यामुळे बाकीचं तिला सांगावं लागलं नाही. ती एवढंच म्हणाली, "सत्यवतीकाकी आज लावतत."

तिने स्कूटर काढली. मी मागे बसले.

रस्ताभर मी विचार करत होते की सत्यवती विचारेल तेव्हा काय सांगायचं. मातीची गाडी आणली होती, तिच्यातून किडे आले असतील. नाहीतर शेणखतातून आले असतील. मी आयुष्यात तोंडावर खरं बोलले आणि त्यापायी पुष्कळ माणसं तोडली. त्या दिवशी मात्र मी खोटं जुळवत होते, आणि ते नीट जुळत नव्हतं. माझ्या पुढ्यात त्या पोरीची पाठ होती. मला पलीकडच्या वाड्यावरची ती सून आठवत होती. तिचं नावसुद्धा आता कोणाला आठवत नाही.

सत्यवतीच्या शेतात दोन बायका लावणी करत होत्या. पाटाला पाणी सोडलेलं नव्हतं, एवढं दैव. मी बांधावरून उतरले आणि न बोलता लावलेलं एक रोप उपटलं.

सत्यवती म्हणाली, "डोळे नवे केलंस म्हणान आता आमची रोपां उपटून बघतंस काय गे काकी?"

मी मुळाचा चिखल पुसून ते तिच्या हातात दिलं. तिने नखाने खरवडून बघितलं. गाठ सुटली नाही. तिलाही ह्या गोष्टी ठाऊक होत्या, तिच्या चेहऱ्यावरून कळलं. मी म्हटलं, "सगळी वर काढ. पाणी सोडू नको."

"ह्या खंयसून आयलां?"

"माझ्या वाफ्यातसून."

"आणि तुझ्या वाफ्यात?"

लावणी करणाऱ्या बायकांनीही हात थांबवले होते. मी मातीच्या गाडीचं सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात दीक्षा बांधावरूनच बोलली.

"माझ्या आवयच्या हळदीतसून. माटोळीच्या."

सत्यवतीने तिच्याकडे पाहिलं. आधी तोंडाकडे, मग खाली पायांकडे. मला वाटलं, आता तो शब्द येणार, आणि एकदा ह्या शेतात आला की संध्याकाळपर्यंत सगळ्या वाड्यात असेल.

पण सत्यवतीच्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. ती हळू म्हणाली, "ती हळद माझ्या बावीकडे आसा. तूच हाडून दिलंस. लाडवांबरोबर."

आम्ही तिच्या विहिरीवर गेलो. हळद छान वाढली होती. सत्यवतीने स्वतः फावडं घातलं. मुळं वर आली, तीही सुजलेली. त्या विहिरीचं सांडपाणी तिच्या भेंडीत जात होतं. भेंडीचं एक झाड उपटलं, तेही तसंच. ज्या भेंडीला ती महिनाभर पाणी कमी पडतंय म्हणत होती ती भेंडी. तिथे मी खरी घाबरले. माझ्या वाफ्यातली रोपं जाळता आली असती. वाटलेले कंद कसे जाळणार? ते किती घरांत गेले होते?

दीक्षाला ती घरं आठवत होती. तेव्हा ती नवी होती, कोणाचं नाव ठाऊक नव्हतं. पण नव्या सुनेला दारं लक्षात राहतात. निळ्या तुळशीचं घर. कुत्रं बांधलेलं घर. जिथे म्हातारीने लाडू नाकाला लावून बघितला ते घर. तसं सांगत सांगत ती मला घेऊन गेली, सत्यवतीही आमच्याबरोबर आली. स्कूटरवर पुढे बादली आणि फावडं. प्रत्येक दारात पोचलो की आधी पाय आणि फावडं धुवायचं, खोदायचं, निघताना पुन्हा धुवायचं, म्हणजे एका घरची माती दुसऱ्या घरी जाऊ नये. पहिल्या घरी दीक्षा पाय धुत होती तेव्हा ओसरीवरच्या बाईने शेजारणीला काहीतरी सांगितलं आणि दोघी तिच्या पायांकडे बघत राहिल्या. मला कळलं त्यांना काय वाटतंय. त्यांना वाटलं मी सुनेला शिक्षा करते आहे. तिथून पुढे प्रत्येक दारात आधी मी पाय धुतले, मग सत्यवतीने, मग दीक्षाने.

देवाची वस्तू उपटायला लोक तयार नसतात. पण मुळं बघितली की तयार होतात. काही घरांत हळद खाऊन संपली होती, ते सुटले. काही घरांत नुसती कुंडीत होती. जिथे जमिनीत होती तिथे आजूबाजूच्या दोडक्यापर्यंत, काकडीपर्यंत गाठी पोचलेल्या. एका दारात बाई म्हणालीच, चांगला पायगुण घेऊन आयली हां तुमची सून. मी उत्तर देणार होते, पण सत्यवती आधी बोलली. तिने विचारलं, लाडू खाताना गोड लागले होते ना गे? ती बाई आत गेली आणि फावडं घेऊन बाहेर आली.

एका घरी म्हाताऱ्याने फाटकच उघडलं नाही. देवाचं आहे, देव बघेल म्हणाला. मी मुळं दाखवली, तो दुसरीकडे बघत राहिला. निदान त्या हळदीचं पाणी बाहेर जाऊ देऊ नका, एवढं सांगून आम्ही निघालो. ते घर चढणीवर आहे. पाऊस जोराचा लागला की मी अजून त्याच्या कुंपणाखालून उतरणारं पाणी बघते आणि ते कुठे जातं त्याचा हिशेब मनात करत बसते.

घरी येऊन सगळा तरवा उपटला, हळद उपटली, वाळवली, जाळली. त्या वर्षी माझ्याकडून कोणालाही रोप मिळालं नाही. बायका म्हापशाच्या बाजारातून घेऊन आल्या. काही पुन्हा माझ्याकडे आल्या नाहीत, आणि मला त्यांचा राग नाही. ज्या मातीतून एकदा रोग आला तिथे मीही गेले नसते.

दुकानदाराने दाणेदार औषध सुचवलं होतं. ते मी घेतलं नाही. पूर्वी एका शेजाऱ्याने मिरचीत घातलं होतं, त्याच्या कोंबड्या वाफ्यातच पडल्या. तीच मिरची त्याने बाजारात नेली की नाही ते मी विचारलं नाही, पण त्याच्याकडची मिरची पुन्हा खाल्ली नाही. म्हणून आम्ही हळूहळूचा मार्ग धरला. उन्हाळ्यात वाफे खोलवर उकरून ओले केले आणि पारदर्शक प्लास्टिक घालून कडा मातीने दाबल्या. आतली माती हाताला चटका देईल इतकी तापते. मग कडुनिंबाची पेंड घातली. वाफ्यांच्या कडेने झेंडू लावला, कारण त्याच्या मुळांत हा किडा वाढत नाही. रोपं आता मी वाफ्यात करतच नाही. ट्रेमध्ये, नारळाच्या काथ्याच्या भुशात, दगडांवर उंच ठेवून करते. सत्यवतीने वरच्या शेतात भाजीऐवजी वायंगणाचं भात लावलं. पाणी तुंबून राहिलं की किडा गुदमरून मरतो. आणि पाट तिच्या शेताला वळसा घालून खाली नेला. तो वळसा खणायला खालच्या सगळ्या बायका आल्या.

ह्यातलं काहीही त्याला पुरतं संपवत नाही. शेतकी खात्याच्या माणसाला मी विचारलं होतं, गेला का आता? तो म्हणाला, कमी झाला. मला तो माणूस आवडला. गेला म्हणाला असता तर त्याचं पुढचं काही ऐकलं नसतं.

सगळ्यात अवघड काम दीक्षाने केलं. तिने आईला फोन करून सांगितलं. मी स्वयंपाकघरात होते, शब्द ऐकू आले नाहीत. ती फार थोडं बोलली आणि बराच वेळ फोन कानाला लावून उभी राहिली. नंतर पुष्कळ दिवस तिच्या आईचा फोन आला नाही. दीक्षा रोज ट्रेमधली रोपं बघायची, पाणी घालायची, पण तिने मुळं बघितली नाहीत. मी उपटून धरली की ती दुसऱ्या कामाला लागायची. मला वाटलं, हा धंदा आता माझ्याबरोबरच संपेल.

मग पुढची चवथ आली. माटोळी बांधायच्या दिवशी विहीणबाई स्वतः बसने आल्या, बरोबर वजें घेऊन. नारळ होते, केळीचा घड होता, करंज्या होत्या. हळद नव्हती. त्यांनी ते सामान ओसरीवर मांडलं आणि मांडताना माझ्याकडे बघितलं नाही. मी चहा दिला. पाव दिला. ऊन फार आहे वगैरे बोलणं झालं.

मुलगा सुट्टीवर घरी होता. तो स्टुलावर चढून एकेक वस्तू बांधत होता. मधोमध जागा मोकळी राहिली. तिथे काय बांधायचं ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

मी मागे गेले. सिमेंटच्या रिकाम्या पिशवीत, त्याच काथ्याच्या भुशात, मी हळद लावली होती. कंद बाजारातून आणून कढत पाण्यात बुडवून काढला होता. कोणाला सांगितलं नव्हतं. ती उपटली, मुळं धुतली, उन्हाकडे धरली. स्वच्छ होती. ओसरीवर आणून दीक्षाच्या हातात दिली.

तिने ती नवऱ्याकडे दिली नाही. ती हळद घेऊन अंगणात उतरली. सगळ्यांच्या देखत, आपल्या आईच्या देखत, तिने मुळं बोटांनी मोकळी केली आणि एकेक करून उन्हाकडे धरून बघायला लागली. मी धुऊन बघितली होती हे तिला ठाऊक होतं. तरी बघत होती. ती भीती मला ओळखीची आहे.

विहीणबाई उठल्या, तिच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या आणि हळू आवाजात विचारलं, "काय बघूचा असता गो?" दीक्षा त्यांना दाखवायला लागली. हें चांगलां, हें असां असता, आणि गाठ असली तर हंय फुगता.

स्टुलावरून मुलगा म्हणाला, "आवय, तिका ती हळद बेगीन दिवक सांग. हात भरून आयले."

मी म्हटलं, "धर तसाच. ती अजून बघता."